चौथा ठोका

मी, बेरिल मॉल्टबी, क्लिफर्ड मॉल्टबीची बायको, वय पंचावन्न, पोलाद कारखान्याच्या कँटीनमधली स्वयंपाकीण, राहणार स्कन्थॉर्प, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी दुसरे केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, तेवढी हिंमत इथे कोणाची नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. जे वाढते आहे ते पोटात आहे. लिंकन शहरातल्या डॉक्टरने सांगितले की वसंत दिसेल, उन्हाळ्याचे सांगता येत नाही. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. शब्द चुकला असेल तर वकिलाने गुपचूप दुरुस्त करावा. अर्थाला हात लावू नये.

मुख्य गोष्ट शेडमधल्या इंजिनाची आहे. ते आमच्या मुलाने, टेरीने, बापाबरोबर सुरू केले आणि मी पुरे केले. ते अजून एकदाही वाफेवर चाललेले नाही. ते कोणी पेटवायचे आणि कोणी चालवायचे, यासाठीच हा कागद. बाकीचे मी पटापट उरकते.

१. माझी बहीण ऑड्री हिला मी व्यवस्थापक नेमते. ती बोलते फार, पण हात स्वच्छ आहेत. तिने हे मृत्युपत्र क्लिफला स्वयंपाकघरात, रेडिओ बंद करून, मोठ्याने वाचून दाखवावे. तो मध्येच उठून कोबीच्या वाफ्याकडे जाईल. तिने मागोमाग जावे आणि वाचत राहावे.

२. घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, ते क्लिफचे. मागच्या पन्हळीखालचे पिंप कोणी हलवू नये. बॉयलरला पावसाचेच पाणी लागते. नळाच्या पाण्याने आतून पुटे धरतात आणि मग तो वाया जातो.

३. पोस्टात जे असेल ते आणि शिलाई मशीन ऑड्रीच्या मुलीला, गिलियनला. हिरवा कोट ऑड्रीला. "तुला तो खांद्यात सैल होतो गं," असे ती तो घेतल्यापासून म्हणत आली आहे. आता म्हणायची गरज नाही. माझी अंगठी माझ्या बोटातच राहू द्यावी.

४. क्लबाच्या चहाच्या खोलीत माझी मोठी किटली आणि केकची तीन मजली ताटली आहे. ती परत आणावी. क्लब म्हणजे छोटी वाफेची इंजिने बांधणाऱ्या पुरुषांचा क्लब. तळ्याकाठी त्यांचे पाच इंच अंतराचे रूळ आहेत, त्यावरून ते रविवारी इंजिनामागे बसून फिरतात आणि बायका सँडविच करतात. मी ती पुष्कळ वर्षे केली. किटली आणायला गेल्यावर चिटणीस डग्लस सॉवर्बी विचारेल, "बेरिलने आमच्यासाठी काही ठेवलंय का?" त्याला सांगावे की काही नाही, आणि कारण त्याला माहीत आहे.

कारण इथेही लिहून ठेवते.

टेरी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बापलेक मिळून डबा न जोडलेले, पाणी-कोळसा अंगावरच वाहणारे छोटे इंजिन बांधत होते. चौकट आणि बॉयलर क्लिफचा. सिलिंडर टेरीने मागून घेतले, "ते माझे, बाबा, हात लावायचा नाही." पूर्ण हिवाळा तो लेथवर उभा होता. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. एका रविवारी दोन्ही सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले. असे चकचकीत, की त्यात मला भाजलेले बटाटे दिसत होते.

क्लिफने एक या बाजूला धरला, एक त्या बाजूला. मग परत तसेच धरून पाहिले. इंजिनाला एक डावा सिलिंडर लागतो आणि एक उजवा, आरशात दिसावा तसा. पोराने दोन्ही डावे केले होते.

मला ते लगेच कळले. माझ्याकडून एकदा टेरीच्याच स्वेटरचे पुढचे दोन्ही भाग डावे विणले गेले होते. एक उसवला आणि परत विणला, झाले. लोखंड उसवता येत नाही, एवढाच फरक. क्लिफ मात्र खुर्चीत मागे रेलून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "दोन डावे पाय घेऊन आलास की रे, राजा. आता नाचणार कसा?"

टेरीही हसला. बापाबरोबर हसायची त्याला सवय होती. ते तिथेच संपले असते. पण क्लिफने ते क्लबात सांगितले, आणि डग्लसने ते वार्षिक जेवणासाठी राखून ठेवले. सगळ्यांसमोर टेरीचे नाव पुकारले, पुढे बोलावले आणि फीत बांधलेले खोके हातात दिले. आत बुटांचा जोड, दोन्ही डाव्या पायाचे. पूर्ण हॉल टेबले बडवत होता. माझ्या नवऱ्यासकट. टेरीने वाकून आभार मानले. मी त्याचा चेहरा पाहत होते, कारण पाहणारी तिथे मी एकटीच होते.

सोमवारी तो ग्रिम्सबीला गेला आणि मासेमारीच्या बोटीवर नाव नोंदवून आला. मी विचारले तर म्हणाला, "आई, तिथे डावं-उजवं बघत नाहीत. जाळं ओढायचं फक्त." त्या हिवाळ्यात आइसलँडच्या पुढे बोटीवर बर्फ चढले आणि ती कलंडली. कोणीच सापडले नाही. आमच्याकडे पुरायला काही आले नाही.

बुटांनी माझ्या मुलाला मारले असे मी म्हणत नाही. समुद्राने मारले. पण तो इथे असता.

५. क्लिफने त्यानंतर शेडमध्ये पाऊल ठेवले नाही. क्लबातही गेला नाही. डग्लस दारावर आला, अर्धवट इंजिन क्लब विकत घेईल म्हणाला, मी दार लावून घेतले. घरात त्या विषयावर आम्ही बोललो नाही. कामावरून यायचा, कोबी बघायचा, झोपायचा. हसणे तर पूर्णच गेले. मला त्याचा राग होता, आणि राग धरून ठेवायला तो समोर बसलेला असायचा, त्यामुळे तो पुष्कळ दिवस टिकला.

मग एकदा मी शेड झाडायला गेले आणि बाहेर आलेच नाही म्हटले तरी चालेल. क्लबाचे बॉयलर तपासणारे पर्सी ऑडलिंग यांना मी कँटीनमध्ये जास्तीचे पुडिंग वाढून विचारले, मला लेथ शिकवाल का. ते म्हणाले, "मिसेस मॉल्टबी, यंत्राचा नकाशा वाचता येतो का तुम्हाला?" मी म्हटले नाही, पण विणकामाचा नमुना वाचता येतो. ते म्हणाले, मग अर्धे आलेच. राहिलेले अर्धे शिकायला मला काही वर्षे लागली आणि एका बोटाचे नख गेले.

उजवा सिलिंडर मी केला. पहिला ओतीव ठोकळा फुकट घालवला, दुसरा जमला. डाव्या बाजूला टेरीचाच आहे, त्याने केला तसाच. बॉयलरची दाबाखाली तपासणी पर्सींनी केली. क्लिफने जोडलेला एकही सांधा गळला नाही, हे मी त्याला रात्रीच्या जेवणाला सांगितले. त्याने मीठ मागितले.

पण एक सांगायला हवे. मी शेडमध्ये जायला लागल्यापासून रोज सकाळी तो दाराच्या पायरीवर माझा चहा ठेवून जातो. आत येत नाही. खोकतो, कप ठेवतो, जातो. पाऊस असला तर वर बशी झाकतो.

६. टेरीचा दुसरा डावा सिलिंडर, जो कुठे बसत नाही, तो शेडचे दार उघडे राहावे म्हणून मी खाली लावला आहे. तो तिथून काढू नये. दार बंद करायचे कोणाच्या मनात आले तर त्याला तो उचलावा लागेल, आणि तो हातात घेऊन कोणाला दार बंद करता येईल असे मला वाटत नाही.

७. लेथ, हत्यारे आणि इंजिन क्लिफला. नट फिरवायचे बारीक पाने पर्सींना द्यायचे होते, पण ते खाली साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे. म्हणून ते मी त्यांना गेल्याच आठवड्यात देऊन टाकले. एक सोडून. त्याचे पुढे येते.

८. मला जाळावे. आमच्या इंजिनवाल्या लोकांत एक रीत आहे, माणूस गेला की त्याच्या राखेतली मूठभर त्याच्याच इंजिनाच्या भट्टीत कोळशाबरोबर घालतात आणि तळ्याकाठच्या रुळांवर एक फेरी मारतात. बायकांसाठी कोणी केलेले मी पाहिले नाही. माझ्यासाठी करावे. पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी करावे, म्हणजे धूर समुद्राकडे जाईल. टेरी बुडाला तो समुद्र फार वर, उत्तरेला आहे हे मला ठाऊक आहे. पण पाणी एकमेकांना लागून असते.

इंजिन फक्त क्लिफने पेटवायचे आणि फक्त त्यानेच चालवायचे. डग्लसने नाही, पर्सींनीही नाही. क्लिफने केले नाही तर इंजिन विकू नये, शेडमध्ये गंजू द्यावे, आणि मला ऑड्रीला वाटेल तिथे टाकावे. मला चालेल. पण वाईट वाटेल, हे लिहून ठेवते.

९. शेवटचे कलम क्लिफसाठी. ऑड्रीने इथे हळू वाचावे.

गेल्या महिन्यात मी आणि पर्सींनी इंजिन ठोकळ्यांवर उचलून धरले आणि पंपाची हवा सोडून पहिल्यांदा फिरवले. वाफेआधी असे हवेवर बघतात. चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून हवा सुटल्याचे चार ठोके पडतात, प्रत्येक सिलिंडरचे दोन, आणि चारही सारखे पडायला हवेत. ते फिरले. मी पालथ्या बादलीवर बसले आणि रडले, पर्सी भिंतीकडे बघत राहिले. तू बाहेर कोबीपाशी होतास. तुझे फावडे थांबलेले मला ऐकू आले.

दुसऱ्या सकाळी तू चहा ठेवलास, पण गेला नाहीस. दाराबाहेर उभा राहून म्हणालास, "चौथा लंगडतोय."

मी म्हटले, "मग ये आणि बघ."

तू म्हणालास, "चहा निवतोय," आणि गेलास.

इतक्या वर्षांत त्या इंजिनाबद्दल तू बोललास ते एवढेच, आणि ते बरोबर होते. मला तो ठोका ऐकू आला नव्हता. पर्सींनाही नाही. त्यांनी मग कान लावून पाहिले, म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, मिसेस मॉल्टबी, आत्ता करून देतो." मी त्यांच्या हातातून पाना काढून घेतला.

तो ठोका माझ्या उजव्या सिलिंडरचा नाही. टेरीच्या डाव्याचा आहे. काम त्याचे चोख आहे, फक्त व्हॉल्व्हच्या दांडीवरचा नट कोणीतरी कान लावून थोडासा फिरवायचा राहिला आहे. तो तुझ्याबरोबर असता तर तुम्ही दोघांनी फिरवला असता. मी फिरवलेला नाही. कोणाला फिरवू दिलेला नाही. पाना त्या सिलिंडरवरच ठेवला आहे, तुझ्या हाताच्या उंचीवर.

मी गेल्यावर पायरीवरचा चहा उचलायला कोणी नसेल. तेव्हा कप घेऊन आतच जा.

वरचे सगळे मी वाचून पाहिले आहे, मला म्हणायचे आहे तेच लिहिलेले आहे. मी सही केली तेव्हा दोन्ही साक्षीदार माझ्या स्वयंपाकघरात एकाच वेळी हजर होते, शुद्धीत होते, आणि त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या. क्लिफ त्या वेळी बाहेर कोबीला पाणी घालत होता, पाऊस पडत असताना.

सही: बेरिल मॉल्टबी

साक्षीदार:
पर्सिव्हल ऑडलिंग, निवृत्त फिटर, स्कन्थॉर्प
मिसेस आयव्ही ब्लँचर्ड, शेजारीण, स्कन्थॉर्प

स्कन्थॉर्प, ता. १९ नोव्हेंबर १९७८