तू मिश्री सोडलीस ते वर्ष

आई,

तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तू होतीस तेव्हा मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. पत्र लिहावं इतके लांब आपण कधी राहिलोच नाही. आज लिहितोय, कारण तुझी एक गोष्ट मला पहिल्यापासून नीट मांडायची आहे. तुला ती माहीतच आहे, पण तू स्वतः ती कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसावं.

लालबागची खोली विकून आपण मीरा रोडला आलो तेव्हा मी सातवीत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. पाणी टँकरचं आणि आजूबाजूला निम्म्या इमारती अर्धवट बांधलेल्या. बाबा अंधेरीच्या छापखान्यात जायचे आणि तू हाटकेशच्या एका गाळ्यात स्टीलची भांडी पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचीस. तिथे पंधरा-वीस बायका होत्या, आणि दहाच्या सुट्टीत चहाआधी सगळ्यांच्या मिश्रीच्या डब्या उघडायच्या. मिश्री तू गावाहूनच घेऊन आली होतीस. बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आजीने, म्हणजे तुझ्या आईने, बोटाला लावून दिली, ती तेव्हापासून लागली. चाळीत कुणाला त्याचं काही नव्हतं, सगळ्याच लावायच्या. इथे मात्र रविवारी दुपारी मिश्रीसाठी तव्यावर तंबाखूचं पान भाजायला घेतलंस की तू आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचीस. तरी तो उग्र वास बाहेर जायचाच. समोरच्या गुजराती काकी एकदा दार वाजवून विचारायला आल्या, "भाभी, कुछ जल गया क्या?" तू म्हणालीस, "मिरची थी." त्या गेल्यावर तू बराच वेळ तव्याकडे बघत उभी होतीस.

मी नववीत असतानाचा तो ऑक्टोबर. दुपारी तीन-साडेतीनची वेळ. शाळेतून आल्यावर मी आणि बिल्डिंगमधले दोघं जण मागच्या अर्धवट इमारतीच्या पहिल्या स्लॅबवर चढायचो. कामगार तिथे महिनोन् महिने फिरकत नसत. तिघांत मिळून एक सिगरेट. त्या दिवशी ती माझ्या हातात होती. मी झुरका घेतला, धूर सोडला आणि खाली पाहिलं, तर रेतीच्या ढिगाशेजारी तू उभी. गाळ्यातली लाईट गेली म्हणून तुम्हा बायकांना लवकर सोडलं होतं आणि तू मधल्या वाटेने घरी निघाली होतीस. हातात डब्याची पिशवी, डोक्यावर उन्हासाठी घेतलेला पदर. आपली नजरानजर झाली. सिगरेट फेकायचंही मला सुचलं नाही. तू ओरडशील, वर येशील, कान धरशील, असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, "उतरताना बघून उतर. कठडा नाहीये तिथे." आणि चालू लागलीस.

"भारी आहे रे तुझी आई," एक जण म्हणाला. तू ओरडली असतीस तर मी इतका घाबरलो नसतो.

मी तासाभराने घरी येतो. तू तांदूळ निवडत बसली आहेस. माझ्यापुढे चहा ठेवतेस, बरोबर दोन खारी. मी चहाकडे बघत बसतो. मग तू ताटातून मान वर न करता म्हणतेस, "बाबांना मी सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे नाही सांगणार, तू समोर असतानाच सांगणार." बस, एवढंच. बाबा सातला येईपर्यंत मी पुस्तक उघडून बसलो होतो. त्यातली एक ओळ डोक्यात गेली असेल तर शपथ.

बाबांना तू सांगितलंस. त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या. ते माझ्याकडे आले, त्यांचा हात वर गेला, आणि तू मध्ये आलीस. त्यांचा हात धरला नाहीस, नुसती मध्ये उभी राहिलीस. "अहो, आधी आपण दोघं बोलू. मग काय करायचं ते करा." तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि दार लोटून घेतलंत. त्या घरात दार लोटून काय होणार होतं? मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"त्या टपरीवाल्याला जाऊन बघतो मी," बाबा म्हणाले. "पोरांना देतोच कसा तो?"

"बघा. त्याने बंद केलं की स्टेशनवर दुसरी आहे."

"मग काय आरती ओवाळू त्याची? मी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. आणि माझा मुलगा..."

"म्हणून तुम्ही बोलू शकता," तू म्हणालीस. "मी काय बोलू?"

मला क्षणभर कळलं नाही. मग बाबा अगदी हळू म्हणाले, "अगं, ते वेगळं. तुला मी कधी बोललो का?"

"नाही बोललात. पण त्याला डोळे आहेत. उद्या मी त्याला म्हणाले, ओढू नको, आणि तो म्हणाला, आई, तू आधी चूळ भरून ये, तर मी काय करू?"

हे तर माझ्या मनातही आलं नव्हतं, आई. आज विचार करतो तेव्हा वाटतं, महिन्या-दोन महिन्यांत नक्की आलं असतं. मी तसाच होतो. माझ्या जिभेवर जे यायचं होतं ते तू माझ्या आधी ओळखलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. तू मोरीत आलीस, कमरेची डबी काढलीस आणि पाण्याखाली धरलीस. काळं पाणी जाळीतून गेलं. "आजपासून मी नाही लावणार," तू म्हणालीस. "तू सोड असं मी म्हणत नाही. शपथ पण घेऊ नको. शपथ मोडली की माणूस चोरून करायला लागतो. फक्त एक करायचं. दर शनिवारी मी तुला विचारीन, तू मला विचारायचंस. जे असेल ते खरं सांगायचं. मी ओरडणार नाही, आणि बाबाही हात लावणार नाहीत. त्यांच्याशी बोललेय मी."

चौदा वर्षांच्या मुलाला हा सौदा सोपा वाटला. तुला तो काय भावात पडला हे मी पुढच्या काही आठवड्यांत पाहिलं. तीन दिवस तुझं डोकं फुटत होतं. पोट साफ होत नव्हतं, ते तू बाबांना सांगत होतीस आणि ते इसबगोल आणत होते. भाकरी थापताना तुझी बोटं थरथरायची. एकदा पोळपाट धुताना हातातून निसटला तर तू खाली बसून रडलीस, पोळपाटाला काही झालं नव्हतं तरी. बाबा स्टेशनवरून रोज लवंगा आणायचे, कागदाच्या पुडीत, आणि तुझ्या हातावर न ठेवता गुपचूप ओट्यावर ठेवायचे. शनिवारी गाळा अर्धा दिवस असायचा. जेवणं झाली की तू विचारायचीस, "ओढलीस?" मी सांगायचो: दोन, एक, तीन. तू फक्त "बरं" म्हणायचीस. मग मी विचारायचो, "तू लावलीस?" तू म्हणायचीस, "नाही." त्या "नाही"समोर माझे आकडे मला लहान लहान वाटायला लागले. पुढच्या शनिवारी एक कमी सांगता यावा म्हणून मी स्लॅबवर जायचं टाळू लागलो.

मग तो जानेवारीतला शनिवार. तू ओट्याशी कोलंबी सोलत होतीस. "ओढलीस?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोललो होतो. गुरुवारी एक ओढली होती, पण सलग तीन शनिवार "नाही" सांगितलं होतं आणि चौथा मोडायचा नव्हता. मग सवयीने मी विचारलं, "तू लावलीस?" आणि तुझे हात थांबले.

"लावली," तू म्हणालीस. "काल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तू सांगितलंस, तुझ्याबरोबर खारीगावातली एक बाई कामाला होती, मोठ्या आवाजाची, मायाळू. काल दहाच्या सुट्टीत तिने स्वतःची डबी पुढे केली. "लाव गो जराशी. तुज्या पोराला कलनार न्हाय," ती म्हणाली. "आणि ते मला आवडलं बघ," तू म्हणालीस, माझ्याकडे सरळ बघत. "तुला कळणार नाही हे मला आवडलं. म्हणून लावली. लावली आणि मग दिवसभर भांडी पुसताना ते तोंडात कडू लागत राहिलं."

तू अडतीस वर्षांची होतीस. कोलंबीचे हात तसेच धरून तू आपल्या मुलाला हे सांगत होतीस. आजही माझ्या ओळखीत असं माणूस नाही. मोठी माणसं लहानांना उपदेश करतात, फार तर आपल्या जुन्या, संपलेल्या चुका सांगतात. कालची चूक कोण सांगतं? तीसुद्धा कुणाला कळणार नसताना.

"मीपण खोटं बोललो," मी म्हटलं. "गुरुवारी ओढली."

तू पुन्हा कोलंबी सोलायला घेतलीस. "बरं," म्हणालीस. "मग आजपासून परत सुरू करू. दोघं." आणि का कोण जाणे, तुला हसू आलं. मग मलाही. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, काय झालं, तर तू म्हणालीस, "काही नाही, आमचं दोघांचं आहे."

मी एप्रिलच्या आधी सोडली ती कायमची. तू त्या शुक्रवारनंतर परत कधी लावली नाहीस. गणपतीला आपण गावी गेलो. जेवणं झाल्यावर पडवीत सगळ्या बायका बसल्या होत्या, आणि आजीने नेहमीसारखी तिची डबी तुझ्याकडे सरकवली. तू ती परत सरकवलीस. "आई, मी सोडली." आजीला रागच आला. "शहरात जाऊन शहाणी झालीस? आम्ही काय वेड्या? आणि कशासाठी, तर पोरासाठी?" पडवीत सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "पोरासाठी नाही गं, पोराबरोबर सोडली." मी उंबऱ्यात उभा होतो. माझी मान आपोआप ताठ झाली. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही माझा, पण आला असता तरी याहून वेगळं वाटलं नसतं. गाळ्यातल्या बायकांना तू कधी एका शब्दाने शिकवायला गेली नाहीस. पण दीड वर्षाने त्या खारीगावच्या मावशी आपल्या घरी पापलेट घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "सोरली गो मी पन!" तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. तुझी नात सोळा वर्षांची आहे. तिच्या दप्तरात तिच्या आईला पेनासारखी एक वस्तू सापडली. आता मुलं ते ओढतात. धूर नाही, वाफ असते म्हणे, आणि वास आंब्याचा. हिचा पारा चढला होता. मोबाईल काढून घेऊ, क्लास बंद करू, त्या मैत्रिणीच्या घरी जाऊ. मी म्हटलं, आधी आपण दोघं बोलू. आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. बोलता बोलता मीच अडकलो. मला सोडण्यासारखं काही नव्हतं, आणि नाटक करायचं नव्हतं. शेवटी तिला समोर बसवून मी तुझी गोष्ट सांगितली, डबी मोरीत धुतलीस इथपासून. ती मान खाली घालून ऐकत होती. कोलंबीच्या शनिवारापाशी आलो तेव्हा तिने वर पाहिलं. "आजीने तुला स्वतःहून सांगितलं? तू पकडलं नव्हतंस?" मी म्हटलं, नाही. ती उठून आत गेली आणि कपाटातून दुसरी तसलीच वस्तू आणून आमच्यासमोर ठेवली. ती आम्हाला सापडली नव्हती. हिने माझ्याकडे पाहिलं. मी "बरं" म्हटलं. पुढे काय होईल मला माहीत नाही, पण आमच्याकडेही आता शनिवार सुरू झालाय. पहिल्याच शनिवारी तिने "एकदा" असं सांगितलं आणि तिची आई ओरडली नाही. तिला ते किती जड गेलं ते मी पाहत होतो. तुझी सून आहे, आई. तुला आवडली असती.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. वहीतच राहील. पण खरं सांगायचं ठरलं होतं आपलं, म्हणून एक राहिलेलं सांगून टाकतो. मी आठवीत होतो तेव्हा शाळेत पालकांची सभा होती. मी तुला सांगितलं की ती रद्द झाली. झाली नव्हती. बाकीच्यांच्या आया येणार होत्या, आणि तू हसलीस की मिश्रीने काळे झालेले तुझे दात दिसायचे. तेवढ्यासाठी मी तुला बोलावलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा आई आजारी आहे म्हणालो. त्या सगळ्या शनिवारांत हे तू मला कधी विचारलं नाहीस, आणि तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही.