पक्का रंग आणि माझी लाल पाठ

प्रिय याकोबकाका,

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि तुमच्याविरुद्ध तक्रार करायची वेळ आली. माझी पाठ लाल झाली आहे!

शनिवारी उकाड्यानं हैराण होऊन गच्चीवर आपल्याच कारखान्याची नवी लाल चादर अंथरली आणि उघडाच झोपलो. चादरीच्या कोपऱ्यात ठसठशीत शिक्का : ‘पक्का रंग’. सकाळी पांढरा सदरा घालून देवळात पुढच्या बाकावर बसलो. उपदेश नेमका पापाच्या लाल रंगावर! घामानं सदरा पाठीला चिकटला आणि मागची मंडळी पाळकसाहेबांना सोडून माझ्याकडंच बघायला लागली. घरी आल्यावर बायको म्हणाली, “असं काय केलंत हो, की बाहेर उमटलं?”

तुम्ही असता तर ही चादर दाराबाहेर पडली असती का? प्रत्येक रंगाची एक चादर तुम्ही बादलीत भिजवायचात. पाणी नितळ राहिलं तरच शिक्का. मालक करवादायचे, “ओ याकोबय्या, एवढं भिजवलं तर माणसाचा पण रंग जातोय की!”

“जाऊ द्या की मालक. पण रविवारी ज्या हातानं प्रार्थना करतो, सोमवारी त्याच हातात शिक्का असतोय. दुसरा हात कुठनं आणू?”

दुष्काळात कारखान्याचा नळ आटला, तर घरून अंघोळीचं पाणी आणून चादर धुतलीत. चादर स्वच्छ, तुम्ही पारोसे! देवळात तुमच्या शेजारी मी बसत होतो, हे जरा वर सांगा.

आजारपणात भेटायला आलो तेव्हा म्हणालात, “शमुवेल, माझ्यामागं बादली तू भरशील.” मी खो खो हसलो. “मी? मी भरली तर मार्थाकाकूंना किलोभर जिलेबी!” पैज लावणं बरं नव्हे, म्हणालात. पण लगेच “कुरकुरीत बघून आण” असंही म्हणालात की!

तुमच्यामागं शिक्का मालकच मारत होते. सोमवारी त्यांनी तो माझ्यापुढं टाकला. दारात ट्रक उभा, लग्नसराईचा माल, तीच लाल चादर. “शमुवेल, मार पटापट. नोकरी करायची हाय न्हवं?”

काका, पोरगी लग्नाची आहे हो माझी! शिक्का उचललासुद्धा. तेवढ्यात पाठ खाजली. मग कोपऱ्यातली तुमची बादली ओढली, भरली आणि एक चादर भिजवली. पाणी असं लाल झालं, की मालक म्हणाले, “तू पण का रे?” मी सदरा काढला आणि पाठ दाखवली. घड्या घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालक हसले नाहीत. शिक्का काढून घेतला आणि म्हणाले, “घरी जा. उद्या बघू.”

उद्या काय होईल, देव जाणे. इतक्या चोख स्वभावाचा शेजार देताना आधी विचारायचं तरी होतंत!

पण शब्द देतो. शिक्का परत हातात आला, तर आधी बादली. नाही आला, तर ज्या कारखान्यात घेतील तिथं बादली काखेत मारून जाईन.

येताना तुमच्या घरावरनं आलो. जिलेबी मार्थाकाकूंच्या हातात दिली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. कुरकुरीत होती.

तुमचा पैज हरलेला,
शमुवेल