कृपादानचं म्हणणं

पारनेर, ऑगस्ट १९४६

प्रिय कृपादान,

तुझी पुणतांब्याच्या मिशन शाळेत बदली झाल्याचं मला आपल्या चर्चच्या कारभारी डीकनकडून कळलं. सात वर्षं शेजारच्या वर्गात शिकवलंस आणि जाताना साधा निरोपही घेतला नाहीस! प्रार्थनेच्या भाषेवरून भरलेल्या त्या सभेत तू जसं वागलास, त्यातही मला काहीतरी काळंबेरं वाटलं होतं.

देवळात प्रार्थना छापील पुस्तकातूनच, शुद्ध मराठीत व्हावी, हे माझं मत. ज्याने त्याने आपल्या बोलीत करावी, हे तुझं. आपल्या मंडळीची रीतही मोठी विचित्र. मत मोजण्याआधी आपली नव्हे, समोरच्याची बाजू मांडायची, आणि तो ‘व्हय’ म्हणेपर्यंत हात वर करायचे नाहीत. तू माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. आपल्या पोरांना बोलीवरून शहरात हिणवतात, छापील भाषा तोंडी बसली तर कुणाची हिंमत होणार नाही, हे मला सुचलंही नव्हतं. मी ‘व्हय’ म्हणालो, पण मनात पाल चुकचुकली. पाळकसाहेबांनाही पुस्तकच हवं, तेव्हा त्यांची मर्जी राखून चांगली बदली पदरात पाडायची असेल, म्हणून हा मुद्दाम हरतोय, असंच मी धरून चाललो.

मग माझी पाळी. मी म्हणालो, कृपादानला बोली सोपी वाटते. झालं, एवढंच. तू माझ्याकडे बघत राहिलास आणि हळूच ‘व्हय’ म्हणालास. मी जिंकलो. तू उपकार केलेस की मला लाजवलंस, याचा महिनाभर विचार करतोय.

गेल्या रविवारी तुझी आई, आपल्या रतनकाकू, प्रार्थनेला उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांच्या हाती पुस्तक दिलं. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हाती! “द्येवाशी बोलाया बी आता मास्तर लागतूय व्हय?” एवढं म्हणून त्या खाली बसल्या.

सभेच्या आदल्या दिवशी विहिरीवर तू मला हेच सांगितलं होतंस. धाकटा भाऊ वारल्यापासून आई बोलते ती फक्त देवळात, देवाशी. तेवढं काढून घेतलं तर ती मुकी होईल. सभेत हे तू सांग, म्हणालास. मी विसरलो नव्हतो, कृपादान. ते ऐकून एकही हात माझ्या बाजूने उठला नसता, म्हणून गिळलं. आणि वर संशय तुझ्यावर घेतला. आज पाळकसाहेबांना चिठ्ठी देऊन सभा पुन्हा मागितली आहे. का, तेही त्यात लिहिलं आहे. तू ये. काकूंना मी काल घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत.

तुझाच,
अब्राहाम