बाळ खाली ठेवून बाहेर या

सर्वण, डिचोली
१६ ऑक्टोबर २००५

गौरवीचे बाबा यांस,

विमलाचा नमस्कार. दसऱ्याला गावी आलेले धाकूभावजी उद्या परत होस्पेटला निघालेत. तुम्ही त्यांच्याच खाणीवर ट्रक चालवता, हे त्यांच्याकडून आता कळलं. म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देते.

इथे सगळं ठीक आहे. आईंचे गुडघे दुखतात, पण सकाळी पाववाला पोदेर आला की उंडे घ्यायला स्वतःच दारात जातात. मागच्या खिडकीचं जनेल कुजलं होतं, ते बदललं. भात कापणीला आलंय. रस्त्यावर ट्रक इतके वाढलेत, की तुळशीची पानंसुद्धा खाणीच्या धुळीनं लाल दिसतात. एखादा ट्रक वळणावर हळू झाला की आई अजून मान वर करतात. मी त्यांना काही म्हणत नाही, कारण मीही करते.

गौरवी आठ वर्षांची झाली. डाव्या डोळ्यानं तिला दिसत नाही आणि उजवा पाय थोडा ओढत चालते. शाळेत पहिल्या बाकावर बसते. वाचायला उशिरा शिकली, पण आता दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालते, मला लाज वाटेपर्यंत. नाक तुमच्यासारखंच आहे.

धाकूभावजींनी तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली. तुमच्या खोलीच्या शेजारी एक कुटुंब राहतं, त्यांचं तान्हं बाळ रडायला लागलं की तुम्ही उठून ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन झोपता. हे ऐकल्यापासून मला तुम्हाला लिहायचं होतं.

आमच्या आरोग्य केंद्रात भाग्यलक्ष्मी नावाच्या नर्स आल्या आहेत. गौरवीला तपासायला नेलं तेव्हा त्यांनी जुने कागद पाहिले आणि मला बाजूला घेऊन बसल्या. गौरवी तान्ही असताना मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, तुम्हाला आठवत असेल, पोरीला कुणी जोरात हलवलं का. आपण घरी सगळ्यांना पाळण्यातून पडली म्हणून सांगितलं. गावानं दृष्ट लागली म्हटलं. इस्पितळातून घरी येताना बसमध्ये तुम्ही मला खरं काय ते सांगितलंत, आणि मग काही दिवसांतच निघून गेलात.

मी तुमच्यावर फार रागावले होते. किती, ते लिहीत नाही. भाग्यलक्ष्मीबाईंनी मला नीट समजावलं तेव्हा पहिल्यांदा तो राग थोडा हलला. तान्ह्या मुलाची मान धरलेली नसते, डोकं जड असतं. हलवलं की आतला मेंदू आपटतो, आतल्या शिरा तुटतात, डोळ्यांत रक्त उतरतं. बाहेर एक ओरखडाही दिसत नाही. आणि दीड-दोन महिन्यांचं मूल कारण नसतानाही तासन्‌तास रडतं, त्यात आईबापाचं काही चुकलेलं नसतं. हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही रात्रपाळी करून आला होता, मी नदीवर कपडे धुवायला गेले होते, भर दुपारी पोर रडत होती. तुम्हाला फक्त ती गप्प व्हायला हवी होती. हे आता मला कळतं.

दुसऱ्या एका गावातलं बाळ असंच इस्पितळात नेलं, ते वाचलं नाही. त्यानंतर बाईंनी गावोगावी जाऊन लोकांना सांगायचं ठरवलं आणि मला बरोबर याल का विचारलं. मी आधी नाही म्हटलं. मग गेले. आता आम्ही डिचोलीत आणि पेडण्यात पुष्कळ ठिकाणी जाऊन आलो. बाई सगळं समजावतात. मूल रडलं तर भूक, ओलं, ताप पाहा. तरी थांबलं नाही आणि तुमचा तोल जायला लागला, तर त्याला चटईवर उताणं ठेवा आणि बाहेर या. तोंड धुवा, शेजारणीला हाक मारा. रडून मूल मरत नाही. मग मी उठते आणि आपल्या घरात काय झालं ते सांगते. गौरवी माझ्या शेजारी बसलेली असते.

मी नेहमी ‘घरातल्या कुणीतरी हलवलं’ एवढंच म्हणायचे. पेडण्यातल्या केरीला किनाऱ्यावरच्या देवळात सभा होती. बायका आत बसल्या होत्या, पुरुष बाहेर होड्यांपाशी उभे राहून ऐकत होते. एका म्हातारीनं विचारलं, कुणी हलवलं. मी म्हटलं, हिच्या वडिलांनी, त्यांना ठाऊक नव्हतं. हे मी तुम्हाला न विचारता सांगितलं. आता सर्वणलाही माहीत झालं आहे. तुम्ही कधी आलात, तर लोकांना ठाऊक असेल. ते आधी तुमच्या कानावर घालावं, म्हणून एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले.

गेल्या महिन्यात केरीचा बाबली म्हणून एक मासे मारणारा आपलं घर शोधत आला. त्याची बायको शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेली होती आणि मूल काही केल्या थांबेना. दारात उभा राहूनच मला म्हणाला, “वयनी, हात फुडे गेले हुते माझे. मगे तुमचा चेडू डोळ्यांफुडे इला.” सभेत पाहिलेली गौरवी आठवली तसं त्यानं मुलाला खाली ठेवलं आणि बायको येईपर्यंत शेजारणीला बसवलं. मूल चांगलं आहे. एवढं सांगायला तो दोन बस बदलून आला होता. मी चहा ठेवला. जाताना त्यानं विचारलं, “तेचो बापूस खंय आसता?”

गौरवीचे बाबा कुठे असतात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी, सहा तारखेला, डिचोलीला ट्रक उभे राहतात त्या मैदानात आम्ही ड्रायव्हर लोकांसाठी सभा ठेवली आहे. बायका आमचं ऐकतात. पुरुषांना पुरुषानं सांगितलेलं लागतं. तुम्ही बोलावं असं मी म्हणत नाही. आलात तरी पुरे.

गौरवीला मी सगळं सांगितलं आहे, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. मग तिनं विचारलं, “मला चालता येतं, हे बाबांना माहीत आहे?”

विमला


सर्वण
१० नोव्हेंबर २००५

गौरवीचे बाबा यांस,

पोचलात का ते कळवा. धाकूभावजींच्या फोनवर सांगितलं तरी चालेल.

तुम्ही आलात हे मला आधी कळलंच नाही. मी बोलत होते आणि ड्रायव्हर लोक आपसात हसत होते, कुणी विडी ओढत होतं. मला वाटलं, आज काही उपयोग नाही. मग मागे त्या रिकाम्या ट्रकच्या चाकापाशी कुणीतरी उभं दिसलं. केस पिकलेत तुमचे. मी बोलता बोलता थांबले, तेव्हा सगळे वळून पाहायला लागले आणि तुम्ही पुढे आलात.

तुम्ही एवढंच म्हणालात, “ह्या चेडवाचो बापूस मी. माका तेव्हा कोणी सांगूक नाय. तुमका सांगतत, तर आयका.” त्यानंतर कुणी हसलं नाही. भाग्यलक्ष्मीबाई म्हणतात, त्या दिवसापासून तीन-चार ड्रायव्हर आपल्या बायकांना घेऊन केंद्रावर येऊन गेले, रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते नीट विचारून गेले.

गौरवी माझा हात सोडून एवढं मैदान ओलांडून तुमच्याकडे चालत गेली. मी मुद्दाम मागे राहिले. तुम्ही खाली मातीत बसलात आणि तिचा पाय बघत राहिलात. काय बोललात ते तिनं मला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणते, ते आमचं आहे.

संध्याकाळच्या बसनं गेलात. घर तिथून किती जवळ होतं. आई उंबऱ्यात बसल्या होत्या, मी भात जास्त टाकला होता. मला राग आला नाही. जिथे ते झालं, त्या खोलीत पाय टाकणं तुम्हाला जड असेल, हे मी समजू शकते. मलाही ते सोपं गेलं नव्हतं. पहिली कितीतरी वर्षं मी तिथे एकटी बसत नसे. आता मी तिथेच झोपते, गौरवी माझ्या शेजारी हातपाय पसरून झोपते. पलीकडे जागा आहे.

पुढच्या महिन्यात पेडण्याला सभा आहे. बाईंनी तुम्हाला विचारायला सांगितलं आहे, म्हणून विचारते. त्यासाठी या किंवा येऊ नका, ते तुमच्यावर.

माझं म्हणणं वेगळं आहे. सभेला येता तसं नको. राहायला या.

तुमची बायको,
विमला