पहिल्या ओळीवर बोट

४ सप्टेंबर
आजपासून तिसरीला इंग्रजी. सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाकडे इंग्रजी दिलं म्हणून शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. आमच्या हेडबाई सोनुन एजे, एजे म्हणजे ताई, मला म्हणाल्या, तोकतोबाय, शहरातला तो कोर्स तुम्हीच केलात ना? मग शिकवणार कोण, मी की आपला घोडा? बरोबर आहे. सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. शिवाय मोबाइलमध्ये अख्खं पुस्तक एका इंग्रज गृहस्थाच्या आवाजात भरून आणलंय. आवाज फार भारदस्त. असा माणूस अजान द्यायला मिळाला असता तर मशीद पुरली नसती.
निश्चय : रोज पहाटेच्या नमाजनंतर नवे दहा शब्द.

१२ सप्टेंबर
शब्द झाले नाहीत. गवत घरी आणायचं होतं. मेंढ्याही डोंगरावरून उतरल्या. हरकत नाही. शब्द कुठे पळून जात नाहीत.
शिकवण्याची पद्धत मात्र सापडली. माझ्या लहानपणी, बंदीच्या काळात, आजोबांनी दारं लावून मला कुराणातल्या सुरा शिकवल्या, तीच. बोट ओळीवर, आवाज छातीतून. आधी त्यांनी म्हणायचं, मागून मी. इथे आजोबांच्या जागी इंग्रज गृहस्थ. अक्षरं, स्पेलिंग, फळ्यावरची खरडाखरड, काही नको. आजोबांच्या पुस्तकातली अक्षरं मला आजही येत नाहीत. नमाज कधी अडली नाही.

३ ऑक्टोबर
पद्धत अफाट चालते आहे. सगळा वर्ग एका सुरात वाचतो. बाहेरून जाणारा मेंढपाळ थांबून ऐकत होता.
सगळ्यांत पुढे आरूके. बात्मा-आपांची नात. आईबाप घाटातल्या अपघातात गेले, तेव्हापासून आजीकडे. एकदा ऐकलं की पोरीला धडा आला. मी विचारलं, कसं गं जमतं? म्हणाली, आगाय, माझ्या आजोबांना वीरगाथा पाठ होत्या, रात्र संपायची पण गाथा नाही. मुलं मला आगाय म्हणतात, म्हणजे गुरुजी. इतर वेळी नुसती सवय असते, ती म्हणते तेव्हा जरा सरळ बसावंसं वाटतं.

२९ ऑक्टोबर
बात्मा-आपांकडे चहा. त्यांना दिसेनासं झालंय. वसंतात धाकटी लेक त्यांना शहरात नेणार. एक खोली, त्यात पाच माणसं. आरूकेला तिथे जागा नाही. मग ती तालायकडे, म्हणजे काकाकडे जाणार. तो जवळजवळ बारा महिने वरच्या कुरणांत, मेंढ्यांच्या मागे. तिथून शाळा घोड्यावरूनसुद्धा लांब.
मी म्हटलं, आमच्याकडे राहू दे. आम्हाला मूलबाळ नाही. तालाय तिथेच बसला होता. म्हणाला, मास्तर, तुमचे उपकार, पण आमच्या कुळातली पोर दुसऱ्याच्या चुलीपाशी वाढली तर लोक मला काय म्हणतील? त्यानं तिरस्कारानं म्हटलं नाही.
एक रस्ता आहे. शहरातली निवासी शाळा दर वसंतात खेड्यांतून मुलं घेते. राहणं, जेवण, सगळं. अट एकच, इंग्रजी वाचता यायला हवं. तालाय म्हणाला, शाळेनं घेतली तर मी आडवा येणार नाही.
मी आपांना शब्द देऊन आलो. अगदी निर्धास्त राहा म्हटलं.

१७ नोव्हेंबर
आरूके गोठ्यात दूध काढताना आठवा धडा वाचत होती. डोळे मिटून! पुस्तक घरी होतं. बायकोला सांगितलं तर आल्तिनाय म्हणाली, मग मास्तर, ती वाचत कुठे होती? बायकांना शिक्षणातलं एवढं खोल कळत नाही.

८ डिसेंबर
आणखी एक पुरावा. वासरानं आरूकेच्या पुस्तकातलं एक पान खाल्लं. आज वर्गात तो धडा आला. पोरीनं फाटक्या कडेवर बोट ठेवलं आणि गेलेलं पान खडाखडा वाचून काढलं. एक शब्द चुकली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाचन म्हणतात ते हे.

१९ जानेवारी
लेखनही उत्तम. पुस्तकात जसं आहे तसं उतरवून काढते. पानाचा आकडा, तळाचं छापखान्याचं नावसुद्धा. मी काही गाळू नकोस म्हटलं होतं.
पहाटेचे दहा शब्द आजही राहिले. थंडी इतकी की आंघोळीचं पाणी बादलीत दगड झालं. उन्हाळ्यात भरून काढीन.

२० फेब्रुवारी
सोनुन एजे वर्गावर येऊन बसल्या. खूश दिसल्या. जाताना म्हणाल्या, तोकतोबाय, एखादं दुसरं पुस्तकही देऊन बघा पोरीला. मी म्हटलं, एजे, एक पुस्तक पक्कं झालं की सगळी पक्की होतात. आजोबांनी मला एकाच पुस्तकावर माणूस केलं. त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं. त्यांना पटलं असावं.

६ एप्रिल
उद्या शहरात निवासी शाळेची परीक्षा. आरूके आज अख्खं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून गेली. आल्तिनायनं तिला प्रवासासाठी कणकेचे बोरसोक तळून दिले आणि वेणी घट्ट घातली. आजीनं डोक्यावर हात ठेवला, तो काढायलाच तयार नव्हती.
मी दुआ मागितली. निकालाची मागितली नाही, तो ठरलेलाच आहे. फक्त घाटात बर्फ नको, एवढीच.

७ एप्रिल, परतीच्या गाडीत
घाट मोकळा होता. अल्लाची कृपा.
परीक्षेच्या खोलीचं दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत दोन शिक्षिका. त्यांनी आरूकेसमोर एक नवं करकरीत छापील पान ठेवलं. वर चित्र. पुलावर उभा असलेला एक मुलगा. पोरीनं ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाली. काय आवाज! म्हातारी, बाग, सफरचंदांची टोपली, आपला चौथा धडा सगळा. बोट बरोबर ओळीमागून ओळ खाली येत होतं. दोघी बाई एकमेकींकडे पाहत राहिल्या. मधे थांबवलं नाही. संपल्यावर एकीनं चष्मा काढून पुसला.
भारावल्या होत्या. काम झालं.
आरूके आता माझ्या खांद्यावर झोपलीय. ते पान तिनं मागून घेतलंय. दिलं त्यांनी लगेच. नापास मुलीला असं कोण देतं?

१८ एप्रिल
नाही घेतली.
सोनुन एजेंच्या फोनवरून त्या चष्म्याच्या बाईंशी बोललो. म्हणाल्या, मुलीची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे, आगाय, पण तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, अहो, तिनं तुमच्यासमोर सगळा धडा वाचला! त्या म्हणाल्या, समोर तो धडा नव्हता. मी म्हटलं, पुस्तक बदलायचं होतं तर आधी सांगायचं. त्या हळूच म्हणाल्या, तुम्ही स्वतः वाचून दाखवता का मुलांना? मी म्हटलं, आमच्याकडे इंग्रज आहे.
परीक्षेची पद्धतच चुकीची. वरपर्यंत तक्रार करणार आहे.

२१ एप्रिल
तक्रार केली नाही. इंग्रजीत लिहावी असं मनात आलं, म्हणजे वजन पडलं असतं. कागद घेऊन बसलो. मग चहा घेतला.
बात्मा-आपांना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, तुम्ही खूप केलंत हो तिच्यासाठी. दिसत नसलेल्या डोळ्यांनी माझ्या दिशेनं हसल्या. घरी येताना लांबून आलो.

१० मे
शाळा सुटल्यावर आरूके थांबली. दप्तरातून ते पान काढलं. घड्या घालून घालून मऊ झालं होतं. म्हणाली, आगाय, हे एकदा वाचून दाखवा ना. एकदाच. मी ऐकलं की मला येईल. मग त्या शहरातल्या बाई पुन्हा बोलावतील ना?
मोबाइलमध्ये हे पान नाही. इंग्रज गृहस्थांना हे ठाऊक नाही.
मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बिस्मिल्ला म्हटलं. पोरगी तोंड उघडून तयार, माझ्या मागून म्हणायला. दोन-तीन शब्द ओळखीचे निघाले. मधल्या शब्दांपाशी बोट थांबलं.
मी म्हटलं, उजेड कमी आहे, उद्या बघू. खिडकीतून सगळं ऊन बाकांवर आलं होतं. ती म्हणाली, हो आगाय, उजेड कमीच आहे. आणि पानाची घडी घातली.

११ मे
मेंढ्यांना औषध पाजायचं होतं, म्हणून शाळेत उशिरा गेलो. मेंढ्यांचं एवढं तातडीचं नव्हतं.

२८ मे
तालाय आज कुरणांकडे निघाला. आरूके पुढच्या घोड्यावर, मागे बांधलेला तंबू आणि किटली. आल्तिनाय ओट्यावर उभी राहून रडत होती. मी रिकिबीपाशी गेलो. म्हटलं, तिकडे वर तोंडी उजळणी चालू ठेव. तालाय म्हणाला, मास्तर, मेंढ्यांना येईल इंग्रजी, काळजी नको. तो हसला, मीही हसलो.
आरूकेनं वाकून ते पान माझ्या हातात दिलं. म्हणाली, आगाय, तुमच्याकडे राहू दे. शरद ऋतूत खाली येऊ तेव्हा वाचून दाखवा. तोवर तुमचं होईल ना?
होईल म्हटलं.

२९ मे
पहाटेच्या नमाजनंतर चटईवरच बसून राहिलो. सुरा म्हणताना पहिल्यांदा मनात आलं, आजोबा गेले नसते तर यातला अर्थ त्यांना विचारला असता. मग ते पान उघडलं. पुलावरचा मुलगा खाली पाण्यात काहीतरी बघतोय. काय बघतोय ते खाली लिहिलेलं असणार.
दहा शब्द नकोत. आज एकच.
आल्तिनायनं आतून विचारलं, मास्तर, आज तुमचा आवाज नाही आला?
पहिल्या ओळीवर बोट आहे.