दुखतंय म्हटलं होतं मी

सरावली, बोईसर
रविवार

प्रिय जमुना,

जिंकलो गं! आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. माझ्या ऑपरेशनच्या केसचा ग्राहक आयोगातला निकाल गुरुवारी लागला, आणि आपल्या बाजूने लागला. रूपेशने तुला सांगितलं असेलच, पण तुझा मुलगा तुझ्यावरच गेलाय, मोठी गोष्ट चार शब्दांत उरकतो. मला ती तुला सगळी सांगायची आहे. मनोरला राहायला गेल्यापासून फोनवर तू सापडत नाहीस. सापडलीस तर "कामात हाय, मागून बोलते" म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद घेऊन बसले.

गुरुवारी खंडेराव कंपनीत रजा टाकून बरोबर आले होते. तुझा विश्वास बसणार नाही, कारण हेच सुरुवातीला केसच्या नावाने कपाळाला आठ्या घालायचे. "आपण साताऱ्याहून पोट भरायला आलेली माणसं, डॉक्टर लोकांशी कुठं भांडत बसायचं?" हे त्यांचं पालुपद. तू तेव्हा शेजारच्या खोलीत होतीस, भिंतीपलीकडून आमची सगळी भांडणं ऐकलीस. त्या गृहस्थाचं आठवतंय? दवाखान्याकडून मिठाईचा डबा घेऊन आला होता तो. म्हणाला, थोडे पैसे घ्या आणि "उपचाराबद्दल तक्रार नाही" एवढ्यावर सही करा. खंडेराव माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, पैसे राहू द्या, चुकलं एवढं डॉक्टरांनी कबूल करावं, मी आजच केस मागे घेते. तो डबा उचलून निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस खंडेराव माझ्याशी जेवणापुरतं बोलत होते.

पण जमुना, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. ऑपरेशन करताना नळी कापली गेली याचा मला तेवढा राग नव्हता. खरं तर तेव्हा तसं काही झालंय हेच कळलं नव्हतं. पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीने काढू, दोन दिवसांत घरी जाल, असं सांगून दाखल करून घेतलं. दोन दिवसांनी माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. दुखतंय म्हटलं, तर सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी फोनवरूनच गॅसची गोळी सांगितली. परत दुखतंय म्हटलं, परत गोळी. तू वॉर्डाच्या दारात उभी राहून ओरडलीस, "अवो, हिचे डोळे पिवळे झालेत, कोनी बघनार हाय का नाय?" वॉचमनने तुला हाताला धरून बाहेर काढलं. मला ते दिसत होतं आणि उठता येत नव्हतं. शेवटी डॉक्टर आले ते घरी सोडायच्या दिवशी, तेही दारापर्यंत. तिथूनच म्हणाले, "बाईंना थोडंही सहन होत नाही." ते वाक्य मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

पुढचं तुला सांगायला नको. घरी आल्यावर भरलेला ताप, अँब्युलन्समध्ये माझं डोकं तुझ्या मांडीवर, आणि मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलातल्या सर्जनबाई, ज्यांनी पोट दाबून बघताच कपाळावर हात मारला. पित्ताची नळीच कापली गेली होती, पित्त पोटात सांडत होतं. त्यांनी ती आतड्याला जोडली, म्हणून मी आज हे लिहायला आहे. घरी आल्यावरही कितीतरी महिने कुशीला पित्ताच्या निचऱ्याची पिशवी लटकलेली. त्या दिवसांत माझ्या स्वराची वेणी तू घातलीस, डबा तू भरलास. माझी आई गावाकडून आली तेव्हा तुला बघून म्हणाली होती, माझी गरज दिसत नाही इथं!

खंडेराव बदलले ते माझ्या साक्षीच्या दिवशी, मला नुसतं सोडायला म्हणून आले होते तेव्हा. डॉक्टरांच्या वकिलाने मला उलटसुलट विचारलं. ऑपरेशनआधी तुम्ही सही केली होती ना? अशी इजा होऊ शकते हे वाचलं होतं ना? मी म्हटलं, "नळीला इजा होऊ शकते, त्यावर मी सही केली. दुखतंय म्हणून रडले तरी कोणी बघायला येणार नाही, त्यावर नव्हती केली." समोर बसलेल्या आयोगाच्या मॅडमनी मान वर केली. नंतर आपल्या वकीलबाई, पालघरच्या राजनंदिनीताई, यांनी डॉक्टरांना साधाच प्रश्न विचारला. ऑपरेशननंतर तुम्ही स्वतः पेशंटच्या पोटाला हात लावून बघितलं का? डॉक्टर बरंच बोलले. स्टाफ अनुभवी आहे, फोनवर संपर्क होता, दुसरीकडे तातडीची केस होती. ताई तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिल्या. शेवटी ते म्हणाले, "नाही." बाहेर आल्यावर खंडेराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या तारखेला मी येणार." मग एकही तारीख त्यांनी चुकवली नाही.

निकालात काय म्हटलंय ते ताईंनी मला मराठीत समजावलं. नीट काळजी घेणाऱ्या डॉक्टरच्या हातूनही नळीला कधी इजा होऊ शकते, तेवढ्यासाठी त्यांना दोषी धरलेलं नाही. पण पेशंट दुखतंय म्हणत असताना तिला न तपासणं आणि त्याच अवस्थेत घरी पाठवणं हा निष्काळजीपणा आहे. निष्काळजीपणा! कागदावर, शिक्क्यासकट! सहन होत नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने आता मला भरपाई द्यायची आहे. ते वर अपील करतील म्हणे. करू देत. ताई म्हणाल्या, आपण तिथेही जाऊ.

खंडेरावांनी बाहेर टपरीवर चहा घेतला आणि अनोळखी चहावाल्याला म्हणाले, "भाईसाब, हमारी मिसेस जीत गयी." तो बिचारा विचारतो, कौन सा इलेक्शन? मी इतकी हसले की जुने टाके दुखले. घरी येईपर्यंत चाळीत बातमी पोचलेली. मुरबेची भागी मासेवाली दारातच टोपली उतरवून बसली होती. म्हणाली, "डाक्टरला हरवलास ना, आज सरंगा खायाचा." स्वराने मोबाइलवर गाणी लावली आणि मी, कुशीला हात न धरता, भर चाळीत नाचले.

आता खरं ते लिहिते. रूपेशचा मला फोन आला होता. तुझ्या उजव्या बरगडीखाली दुखतं, मनोरला सोनोग्राफीत खडे निघाले, आणि ऑपरेशन सांगितल्यापासून तू काढे पीत घरात बसली आहेस. म्हणतेस, "सुगंधाचं काय झालं ते मी बगितलाय." जमुना, माझ्यामुळे तू दुखणं गिळत असशील, तर हा निकाल मला नको. हेच ऑपरेशन किती बायकांचं नीट होतं, मुंबईच्या सर्जनबाई रोज करतात. मला ज्यांनी वाचवलं त्याही डॉक्टरच आहेत ना. मी त्यांच्याशी बोलले आहे, त्या तुला बघणार आहेत. ऑपरेशननंतर तू नुसतं हूं केलंस तरी मी त्यांना हाताला धरून तुझ्या खाटेशी आणीन, आणि मला वॉर्डाबाहेर काढायला एक वॉचमन पुरणार नाही. मंगळवारी सकाळी मी आणि खंडेराव तुला मुंबईला न्यायला मनोरला येतोय. पिशवी भरून ठेव, उपाशीपोटी बस, आणि कामात हाय म्हणू नकोस.

तुझीच,
सुगंधा