बैल नाही मिळाले त्या वर्षी

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुला सांगायचं काही संपत नाही. समोर असतीस तर म्हणाली असतीस, "काही कामधाम नाही का वो तुले?" काम आहे. ते बाजूला सारूनच लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा तो उन्हाळा. मी नागपूरच्या कॉलेजात शिकवत होते आणि शनिवारी एसटीनं मोहाडीला उतरून घरी यायचे. तू ओसरीवर तांदूळ पाखडत बसली आहेस आणि मी भीत भीत सांगते, की मला पुण्याला बोलावलं आहे. हवामानाची, विज्ञानाची अवघड गणितं सोडवणारा फार मोठा कॉम्प्युटर देशाला हवा आहे, अमेरिका द्यायला तयार नाही, म्हणून आता आपणच बनवायचा. नोकरी तीन वर्षांची, पुढचं कोणालाच ठाऊक नाही. सुपातून मान वर न काढता तू विचारतेस, "त्याइनं काहून नाही देल्ला?" आपण त्यावर बॉम्बची गणितं करू अशी त्यांना भीती वाटते, मी म्हणते. "मंग तुमच्यानं बनते का?" मी सांगते, तसलं एक धिप्पाड यंत्र नाही जमणार, पण लहान लहान पुष्कळ एकत्र जोडायची आणि एकच गणित सगळ्यांना वाटून द्यायचं. तेव्हा मात्र तू सूप खाली ठेवून हसलीस. "म्हणजे आपली चिखलणी!"

बाबा गेल्यानंतरचा पहिलाच पावसाळा तुला आठवला होता, आणि मलाही. तलाव भरलेला, बांधीत म्हणजे धानाच्या शेतात पाणी, पऱ्हे, धानाची रोपं, वाढून रोवणीची वेळ टळत आलेली, आणि मोठ्या काकांनी चिखलणीला बैल द्यायला हात वर केले. तू दोनदा त्यांच्या दारी गेलीस, तिसऱ्यांदा गेली नाहीस. आळीतल्या ज्यांच्या घरी बैल नव्हते अशा बाया गोळा केल्यास, आंधळगावहून मावशीला बोलावलंस. आज आपल्या बांधीत, उद्या तिच्या. कुदळींनी आणि पायांनी तुम्ही चिखल केलात. काका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे राहून म्हणाले, "बायाइच्या पायानं का धान होते?" झालं, पण थोडं झालं, त्या हिवाळ्यात दोन्ही वेळा भात नव्हता. पुढच्या साली काकांनी न मागता बैल आणून अंगणात बांधले. तू त्यांना चहा पाजलास आणि बैल ठेवून घेतलेस. मी फणफणले, तर म्हणालीस, "आपल्याले धान पायजे, भांडण नाही."

त्या ओसरीवर मी तुला विचारलं होतं, तू एकटी कशी राहशील? गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. "माह्याकडं पाहून का देश थांबन? जाय तू," एवढं बोलून तू पुन्हा पाखडायला लागलीस.

पुण्यात आमच्या लहान यंत्रांनी पुष्कळ सतावलं. एकाचा वाटा लवकर आटपायचा आणि ते बाकीच्यांची वाट पाहत रिकामं बसायचं. कामाची वाटणी आम्ही किती वेळा बदलली असेल. अखेर सगळी मिळून नीट चालली. पुढं बाहेरच्या देशांतले लोक त्यांची मोठी यंत्रं विकायला हळूहळू राजी झाले, आणि आमच्यातला एक जण "आता त्यांचं कशाला घ्यायचं" म्हणून तावातावानं बोलू लागला तेव्हा मला हसू फुटलं. कोणाला कारण कळलं नाही.

पण तू तेव्हा नव्हतीस. पुण्यातल्या माझ्या दुसऱ्याच हिवाळ्यात तार आली होती. एक रात्र आणि एक दिवस प्रवास करून मी पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. मावशी रडत म्हणाली, "पंधरा दिवस खाटेवर होती वो. पण म्हणे, पोरीले बलावू नोका, तिचं काम अडन." ऐकणारे आजही म्हणतात, काय मोठ्या मनाची बाई! चार लोकांत मीही तसंच सांगते.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून इथं खरं लिहिते. तू एकदा जरी "नोको जाऊ" म्हटलं असतंस, तर मी राहिले असते. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच तू म्हटलं नाहीस. माय, त्याचा मला अजून राग येतो.